वैयक्तिक संगणकांची बाजारपेठ

एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावयाच्या लहान संगणकांचे उत्पादन, वितरण व खरेदी-विक्री यांची व्यवस्था. या बाजारपेठेत एका बाजूस नामांकित व महाग यंत्रे विकणाऱ्या कंपन्या आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ तेच काम करणारी यंत्रे कमी किमतीत विकणारे स्पर्धक अशी दुहेरी रचना जवळजवळ आरंभापासून आढळते. बाजारहिस्सा वाढला की नफाही वाढतो, ही सर्वसाधारण समजूत वैयक्तिक संगणकांच्या बाबतीत पुष्कळदा खोटी ठरली आहे. सर्वाधिक नग विकणारी कंपनी तोट्यात जावी आणि मोजके नग विकणारीने भरघोस नफा मिळवावा, असे या व्यवसायात वारंवार घडले. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या स्पर्धेला आणखी एक परिणाम जोडला गेला : वरून परदेशी नाममुद्रा व खालून निनावी, दुकानात जुळविलेले संगणक यांच्या कात्रीत सापडून देशी संगणक-उत्पादकांचा मधला थर जवळजवळ नाहीसा झाला.

बाजारहिस्सा व नफा : बाजारहिस्सा दोन प्रकारे मोजतात : विकलेल्या नगांच्या संख्येवरून आणि विक्रीच्या मूल्यावरून. या दोहोंत मोठी तफावत पडू शकते. उदाहरणादाखल, एका वर्षी एकूण १,००० संगणक विकले गेले असे समजू. त्यांपैकी ९०० संगणक पहिल्या विक्रेत्याने प्रत्येकी ३०,००० रुपयांस व १०० संगणक दुसऱ्याने प्रत्येकी ९०,००० रुपयांस विकले, तर दुसऱ्याचा नगांतील हिस्सा १०%, पण मूल्यातील हिस्सा २५% होतो. पहिल्यास विक्रीच्या ३% व दुसऱ्यास २०% निव्वळ नफा सुटत असेल, तर पहिल्याचा नफा ८ लाख १० हजार रुपये व दुसऱ्याचा १८ लाख रुपये होईल. म्हणजे नगांच्या दहाव्या भागावर एकूण नफ्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग दुसऱ्याच्या पदरात पडतो.

यावरून पहिल्या विक्रेत्याचे धोरण चुकीचे ठरते असे नाही. अधिक नग विकणाऱ्यास सुटे भाग स्वस्त मिळतात, कारखाना व कचेरी यांचा स्थिर खर्च अधिक नगांवर विभागला जातो आणि आज्ञावल्या लिहिणारे लोक सर्वांत अधिक प्रसार असलेल्या यंत्रासाठी प्रथम लिहितात. उलट, फार लहान हिस्सा असलेल्या यंत्रासाठी आज्ञावल्या, दुरुस्ती करणारे कारागीर व ते शिकविणारे वर्ग यांची वाण पडते. महाग यंत्र विकणाऱ्यास नफा मिळतो तो किंमत जास्त आहे म्हणून नव्हे, तर ती किंमत देण्याजोगे असे काहीतरी त्याच्यापाशी आहे की ज्याची नक्कल दुसऱ्यास करता येत नाही, म्हणून. हे साधन हातून गेले, की महाग नाममुद्रा ही केवळ महाग वस्तू उरते.

मुक्त रचना व तिचे परिणाम : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची मूळ किंमत १,५६५ डॉलर होती. मोठ्या संगणकांत आयबीएमचे वर्चस्व निर्विवाद होते. परंतु हे लहान यंत्र थोड्या अवधीत तयार करावयाचे असल्याने कंपनीने त्यातील बहुतेक भाग बाहेरून घेतले. सूक्ष्मप्रक्रियक इंटेल कंपनीचा (८०८८) व क्रियाप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. या दोन्ही कंपन्यांना आपला माल इतरांना विकण्याची मोकळीक राहिली. आयबीएमच्या मालकीचे असे महत्त्वाचे साधन म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली. काँपॅक कंपनीने तिचे कार्य अभ्यासून, मूळ मजकुरास हात न लावता, तीच कामे करणारी स्वतःची आज्ञावली लिहिली आणि १९८३ मध्ये आयबीएमशी सुसंगत असे सुवाह्य यंत्र विक्रीस आणले. पहिल्याच वर्षी तिची विक्री ११ कोटी डॉलरांवर गेली. हा पहिला यशस्वी नक्कलदार स्वस्त नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने उचलून नेता येणारे यंत्र दिले आणि त्याची योग्य किंमत घेतली. १९८४ पासून मात्र सुसंगत मूळ आज्ञावली तयार स्वरूपात विकत मिळू लागली व स्वस्त नकलयंत्रांचा पूर लोटला. १९८७ मध्ये आयबीएमने स्वतःच्या मालकीची नवी अंतर्गत रचना आणून बाजार पुन्हा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन पर्यायी रचना मांडली आणि तो प्रयत्न फसला. १९९२ मध्ये काँपॅकने स्वतःच किमती मोठ्या प्रमाणावर उतरविल्या, तेव्हापासून किंमतयुद्ध हे या व्यवसायाचे कायमचे अंग बनले.

सर्व यंत्रांतील भाग एकाच मापाचे व एकमेकांच्या जागी बसणारे झाले, की ती यंत्रे गहू किंवा सिमेंट यांसारखी सामान्य वस्तू बनतात. मग नफा यंत्र जोडणाऱ्याकडे न राहता ज्या भागाला पर्याय नाही त्याच्या मालकाकडे जातो. वैयक्तिक संगणकांत हे स्थान इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांना मिळाले. यंत्रावर नाव कोणाचेही असो, त्यातील सूक्ष्मप्रक्रियक व क्रियाप्रणाली यांची किंमत या दोघांकडे जात राहिली. १९९१ पासून इंटेलने जाहिरातींचा खर्च संगणक-कंपन्यांबरोबर वाटून घेऊन यंत्राच्या दर्शनी भागावर आपले चिन्ह लावविले. दिसण्यास ही बाब क्षुल्लक असली, तरी तिच्यामुळे ग्राहक यंत्राच्या नावाऐवजी आतील भागाचे नाव विचारू लागला आणि निनावी जुळणीदारालाही आपल्या मालाला ओळख देणे सोपे झाले. तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास हीच परिस्थिती एका वक्राने दाखविली. त्याच्या एका टोकास संशोधन व महत्त्वाचे भाग, दुसऱ्या टोकास नाममुद्रा व सेवा आणि मध्ये जुळणी असते. दोन्ही टोके उंच व मध्य खोल असल्याने तो ‘हसरा वक्र’ म्हणून प्रसिद्ध झाला. जुळणीत सर्वांत कमी मूल्यवृद्धी होते, हा त्याचा अर्थ.

या खोल मध्यभागात अनेक नामवंत बुडाले. १९९८ मध्ये पाचशे डॉलरांच्या आतील संगणक घेऊन आलेली ई-मशीन्स ही कंपनी पुढे गेटवेने व गेटवे ही एसरने विकत घेतली. काँपॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. ज्या आयबीएमने हा बाजार निर्माण केला, तिच्या वैयक्तिक संगणक विभागास २००१ ते २००४ च्या मध्यापर्यंत सु. ९६.५ कोटी डॉलरांचा तोटा झाल्याचे उघड झाले. हा विभाग तिने २००५ मध्ये चीनच्या लेनोव्हो कंपनीस विकला. एसरने २००८ नंतर अतिशय स्वस्त व लहान संगणकांच्या जोरावर नगसंख्येत जगात दुसरे स्थान मिळविले. परंतु टॅब्लेट संगणक येताच ही मागणी ओसरली व २०११ मध्ये कंपनीस मोठा तोटा सोसावा लागला. लेनोव्हो हा या मालिकेतील अपवाद होय. २०१३ पासून नगसंख्येत बहुतेक काळ जगात पहिल्या स्थानी असलेल्या या कंपनीने संगणकांवर विक्रीच्या सु. पाच टक्के इतका माफक नफा घेऊनही सातत्य राखले आहे. प्रचंड उत्पादन, कसून आवरलेला खर्च व आयबीएमकडून मिळालेली प्रतिष्ठित नाममुद्रा ही तिची बलस्थाने आहेत.

ॲपलचे उदाहरण : महाग नाममुद्रेचे उदाहरण म्हणून नेहमी ॲपल कंपनीचे नाव घेतले जाते; परंतु तिचा इतिहास सरळ रेषेतला नाही. १९८४ मध्ये २,४९५ डॉलर किमतीस आलेला मॅकिंतॉश संगणक चित्रचिन्हे व ‘माउस’ यांच्या साहाय्याने चालविता येई, आणि तशी सोय इतर यंत्रांत चांगल्या प्रकारे येण्यास काही वर्षे लागली. या काळात कंपनीने भरपूर नफा घेतला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची १९९० ची व विशेषतः १९९५ ची आवृत्ती आल्यावर हा फरक सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीने फारसा उरला नाही. ॲपलची किंमत मात्र तशीच राहिली. कंपनीने १९९५ मध्ये इतरांना मॅकिंतॉशची नकलयंत्रे काढण्याचे परवाने दिले. त्यामुळे बाजार वाढण्याऐवजी तिच्याच ग्राहकांची विभागणी झाली. १९९७ च्या हिशेबवर्षात तोटा १०० कोटी डॉलरांवर गेला. त्या वर्षी स्टीव्ह जॉब्झ यांनी सूत्रे पुन्हा हाती घेऊन परवाने बंद केले, यंत्रांचे प्रकार कमी केले आणि मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरांची गुंतवणूक स्वीकारली. पुढील यश हे केवळ उच्च किमतीचे फळ नव्हे. यंत्र, क्रियाप्रणाली व २०२० पासून सूक्ष्मप्रक्रियकही स्वतःचाच असल्याने जो नफा इतर कंपन्यांना इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांना द्यावा लागतो, त्याचा मोठा भाग ॲपलकडेच राहतो. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या सु. २६ कोटी वैयक्तिक संगणकांपैकी लेनोव्होचा हिस्सा सु. २३% होता, तर ॲपलचा १०% हूनही कमी होता. असे असता ॲपलची मॅक यंत्रांची वार्षिक विक्री २०२२ च्या हिशेबवर्षात सु. ४,००० कोटी डॉलरांवर पोहोचली होती. संगणक-व्यवसायातील एकूण नफ्यापैकी अमुक टक्के नफा एकटी ॲपल मिळविते, असे आकडे वृत्तपत्रांत येतात. ते अंदाज होत. कंपनी यंत्रवार नफा जाहीर करीत नाही आणि २०१८ च्या अखेरीपासून नगसंख्याही देत नाही.

भारतातील बाजारपेठ : परकीय चलन नियंत्रण कायद्यान्वये भारतीय भागीदारीची अट मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्याच सुमारास लहान संगणक बनविण्याचे परवाने खाजगी कंपन्यांना मिळू लागले व एचसीएल (स्थापना १९७६), विप्रो, डीसीएम यांसारखे उत्पादक पुढे आले. मुंबईत १९८० मध्ये झेनिथ कॉम्प्युटर्स ही कंपनी निघाली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांच्या आयातीवरील बंधने सैल केली. उत्पादकांची संख्या वाढली व चेन्नईच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्ससारख्या नव्या कंपन्यांनी किमती झपाट्याने खाली आणल्या. तोपर्यंत संगणक ही बँका, विद्यापीठे व मोठे कारखाने यांनीच घ्यावयाची वस्तू होती. आता ती सनदी लेखापाल व लहान मुद्रणालये यांच्या आवाक्यात येऊ लागली.

देशी कंपन्यांचा तर्क साधा व त्या काळी बिनतोड होता. परदेशी यंत्रावर जबर आयातशुल्क असल्याने ते महाग पडे. आयात भाग येथे जोडून, देशभर दुरुस्तीची सोय पुरवून, त्याहून कमी किमतीत विकले तर ग्राहक मिळणारच. म्हणजे त्या वेळी देशी कंपनी हीच ‘स्वस्त स्पर्धक’ होती. मात्र हा फायदा तिच्या कारखान्यात निर्माण झालेला नव्हता. तो शुल्काच्या भिंतीने दिलेला होता. १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेले. ह्यूलेट-पॅकार्डने एचसीएलशी (१९९१) व आयबीएमने टाटा उद्योगसमूहाशी (१९९२) भागीदारी करून प्रवेश केला; काँपॅकही आली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान वस्तूंविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला व करारातील वस्तूंवरील शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणावयाचे ठरले. भिंत पडल्यावर वरच्या बाजूने परदेशी नाममुद्रा जवळ आल्या. खालच्या बाजूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुसराच बाजार उभा राहिला होता.

लॅमिंग्टन रोड व जुळणीचे संगणक : मुंबईचे १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव असलेला हा रस्ता ग्रँट रोड स्थानकाजवळ आहे. रेडिओचे सुटे भाग, ध्वनिवर्धक व विजेची उपकरणे यांचा हा जुना बाजार. आयात भाग मोकळेपणाने मिळू लागल्यावर तेथील अनेक दुकानदार संगणकाच्या भागांकडे वळले. दिल्लीतील नेहरू प्लेस, चेन्नईतील रिची स्ट्रीट व बंगलोरमधील एस. पी. रोड हे याच प्रकारचे बाजार होत. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीस असेच स्थान आहे.

येथे तयार होणाऱ्या व व्यवहारात ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकांचे अर्थकारण समजून घेण्याजोगे आहे. मदरबोर्ड, प्रक्रियक, रॅम, हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस व कॅबिनेट हे भाग दुकानदार घाऊक विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाची मागणी आल्यावर उचलतो व काही तासांत जुळवून देतो. भागांच्या किमती दर आठवड्यास उतरत असल्याने साठा करणाऱ्या कंपनीस जो तोटा सोसावा लागतो, तो त्याला लागत नाही. जाहिरात, संशोधन व कचेरी यांचा खर्चही त्याला नाही. अमेरिकेत डेल कंपनीने मागणीनुसार जुळणी करून जे साधले, तेच हा दुकानदार आपल्या गाळ्यात करीत होता, असे म्हणता येईल. याशिवाय दोन फायदे असे होते, की ज्यांचा हिशेब किमतीत दिसत नसे. पहिला कराचा. ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या लघुउद्योगांना उत्पादनशुल्क माफ होते आणि ही सूट कायदेशीर होती. परंतु बिलाशिवाय केलेल्या विक्रीत विक्रीकर व जकात बुडविली जाई, ती नव्हे. दुसरा क्रियाप्रणालीचा. कंपनीच्या संगणकात परवाना घेतलेली आज्ञावली असल्यास तिची किंमत ग्राहकाकडून घेतली जाई; जुळणीच्या संगणकात ती बहुधा परवान्याविना भरून दिली जाई. २०११ मध्ये भारतात वापरात असलेल्या संगणक-आज्ञावल्यांपैकी सु. ६३% विनापरवाना होत्या, असा आज्ञावली-उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज होता. तो हितसंबंधी संघटनेचा असल्याने जपून घ्यावयास हवा. तथापि प्रकार सार्वत्रिक होता, याविषयी दुमत नाही. १९९० नंतरच्या दशकात व पुढेही काही वर्षे देशातील संगणक-विक्रीचा निम्म्याच्या आसपासचा भाग या निनावी यंत्रांचा होता. बाजारहिस्स्याच्या तक्त्यात कोणतीही एक कंपनी त्यांच्या जवळपास येत नसे. नफा मात्र हजारो दुकानांत वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्यास यंत्रामागे अल्प रक्कम येई.

खानदेशातील परिस्थिती : मोठ्या शहरांबाहेर या स्पर्धेचे स्वरूप बदलते. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव त्या दृष्टीने बोलके उदाहरण होय. मुंबई–आग्रा महामार्ग व सुरत–भुसावळ लोहमार्ग येथून जातात आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्रही येथे आहे. म्हणजे गाव आडवळणी नाही. तथापि मुंबईपासून ते सु. ३५० किमी. अंतरावर आहे. नामांकित कंपनीची हमी कागदावर सर्वत्र सारखी असली, तरी तंत्रज्ञ येण्यास लागणारा वेळ सारखा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशातील तपमान ४५° से.च्या घरात जाते, धूळ बारमाही असते आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन होते. अशा परिस्थितीत संगणकाचा जो भाग सर्वप्रथम बिघडतो तो एसएमपीएस. जुळणीच्या संगणकात तो कोणत्याही दुकानातून आणून तासाभरात बदलता येतो. काही नामांकित यंत्रांत मात्र खास मापाचा भाग असल्याने तो कंपनीकडूनच मागवावा लागतो. नामांकित यंत्र कमी वेळा बिघडेल, हे खरे असू शकते. पण गिरणीमालक, अडते किंवा शाळा यांच्या दृष्टीने यंत्र किती वेळा बंद पडते यापेक्षा ते किती दिवस बंद राहते, ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. उलट बाजूही आहे. जुळणीदाराची हमी त्याच्या दुकानाइतकीच टिकाऊ असते. दुकान बंद झाले, की ग्राहकाच्या हाती केवळ भागांची डबडी उरतात.

महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या गावी व मोठ्या खेड्यांत निघाली. शासकीय नोकरीसाठी संगणक-अर्हता आवश्यक झाल्याने त्यांना विद्यार्थीही मिळाले. मर्यादित भांडवलावर एकदम अनेक यंत्रे मांडावयाची असल्याने अशा केंद्रचालकास यंत्रामागील काही हजार रुपयांचा फरक निर्णायक वाटणे स्वाभाविक होते. खानदेशातील कित्येक तरुणांची संगणकाशी पहिली ओळख निनावी यंत्रावर झाली ती यामुळे. मराठीच्या वापराचा भागही येथे नोंदविला पाहिजे. मुंबईतील जाहिरात व मुद्रण व्यवसायात मॅकिंतॉशचे चाहते होते; परंतु पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) साधने, पुण्याच्याच मॉड्यूलर कंपनीची श्री-लिपी इ. मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावल्या प्रामुख्याने आयबीएम-सुसंगत यंत्रांवर चालत. त्यामुळे तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्यास महाग यंत्र परवडले असते, तरी ते त्याच्या उपयोगाचे नव्हते.

मधल्या थराचा ऱ्हास : देशी कंपन्यांनी दोन्ही बाजूंशी झुंज दिली. २००५ मध्ये एचसीएल व कोलकात्याची झेनायटिस या कंपन्यांनी दहा हजार रुपयांच्या आतील संगणक जाहीर केले. त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण इतक्या कमी किमतीत जुळणीदाराशी स्पर्धा करणे म्हणजे त्याचे सर्व तोटे पत्करून त्याचे फायदे गमावणे होते. कारण नोंदणीकृत कंपनीस कर टाळता येत नाही व सेवाकेंद्रेही बंद करता येत नाहीत. वरच्या बाजूस परदेशी कंपन्या जगभराच्या मागणीसाठी एकदम भाग खरेदी करीत असल्याने त्यांचा परिव्यय देशी कंपनीपेक्षा कमी होता. किंमत व प्रतिष्ठा या दोन्ही बाबतींत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या मालाला गिऱ्हाईक राहिले ते मुख्यतः सरकारी निविदांचे, आणि तेथे पैसा उशिरा मिळे. झेनिथचे नाव हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले. २०१३ मध्ये एचसीएल व विप्रो या दोन्ही कंपन्यांनी संगणकांचे उत्पादन थांबविले. एका पिढीने उभारलेले कारखाने, सेवाकेंद्रांचे जाळे व प्रशिक्षित तंत्रज्ञ विखुरले गेले. ही हानी बाजारहिस्स्याच्या आकड्यांत दिसत नाही; कारण तेथे एका नावाच्या जागी दुसरे नाव येते, एवढेच.

विजय झाला तो मात्र जुळणीदाराचा नव्हे. सुवाह्य संगणक (लॅपटॉप) स्वस्त झाल्यावर मागणी तिकडे वळली आणि लॅपटॉप दुकानाच्या गाळ्यात जुळविता येत नाही. त्याचा प्रत्येक भाग विशिष्ट सांगाड्यासाठी घडविलेला असतो. २०१३ पासून भारतीय मानक ब्यूरोकडील नोंदणी सक्तीची झाल्याने अपरिचित नावांचा माल आणणेही कठीण झाले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर व्यापारी ग्राहकास बिलाचा फायदा मिळू लागला व बिनबिलाच्या खरेदीचे आकर्षण कमी झाले. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सु. १.४ कोटी नव्या संगणकांपैकी सु. ३०% एकट्या एचपीचे होते. तिच्या मागोमाग लेनोव्हो, डेल, एसर ही नावे येतात. लॅमिंग्टन रोडवरील जुळणी संपलेली नाही. परंतु तिचे ग्राहक बदलले. चित्रपट-संकलन करणारे, अभियंते व संगणकीय खेळांचे शौकीन तेथे येतात व नामांकित यंत्राहून महाग असा, मनाजोग्या भागांचा संगणक जुळवून घेतात. एकेकाळच्या स्वस्ताईच्या बाजारात आता काही दुकाने उंची मालाची झाली आहेत.

शासनाने देशी उत्पादनास उत्तेजन देण्यासाठी मे २०२३ मध्ये संगणक-सामग्रीकरिता १७,००० कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले व नंतर त्याऐवजी सौम्य अशी पूर्वमंजुरीची पद्धत आली. या योजनेचा लाभ घेणारे कारखाने बव्हंशी परदेशी नाममुद्रांसाठी जुळणी करणारे आहेत. हसऱ्या वक्राच्या खोल भागातच हे काम मोडते. तरी त्यातून सुट्या भागांचे उत्पादन येथे वाढल्यास वक्राच्या दुसऱ्या टोकाकडे सरकता येईल, अशी अपेक्षा आहे. ॲपलने एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात व २०२५ मध्ये पुण्यात स्वतःची दुकाने उघडली. धुळे, जळगाव यांसारख्या ठिकाणी स्वस्त माल हवा असणारा ग्राहक आता निनावी नव्या यंत्राऐवजी मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढलेले नामांकित लॅपटॉप घेतो. हे लॅपटॉप शहरांतील व्यापारी घाऊक लिलावात उचलतात, त्यांतील बॅटरी व हार्ड डिस्क बदलतात आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत विकतात. या व्यवहारात मूळ कंपनीस काहीच मिळत नाही. तिच्या नाममुद्रेचा लाभ दुरुस्ती करून विकणाऱ्यास होतो.